खुर्ची थांबवायची ओळ

माझ्या मुलाने तीन आठवडे एक तक्ता भरला. नागोयातल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडा, बाजूला छापलेले कागद, कागदांवर आडव्या ओळी आणि उभे रकाने. सूनबाई ताटं घेऊन यायची आणि उभी राहायची. तो म्हणायचा, "दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांत भात गार व्हायचा. मला राग यायचा.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सगळ्याचाच राग यायचा. दार उघडलं की बोलणाऱ्या लिफ्टचा. गार भाताचा. कचऱ्याची पिशवी चुकीच्या वारी खाली ठेवली म्हणून तिच्यावर कोणीतरी चिकटवलेल्या लाल कागदाचा. माझी बायको जाऊन चार महिने झाले होते. मुलगा मला तीन महिन्यांच्या व्हिसावर घेऊन आला होता, हवापालट म्हणून. हवा पालटली. बाकी काही नाही.

त्याचा राग सगळ्यात जास्त होता. त्याची आई गेली आणि तो तिसऱ्या दिवशी पोचला. अस्थी गोळा करायला. तोंड बघायला नाही.

मी सातवीपर्यंत शिकलो. पुढे चिंचवडला एका फौंड्रीत क्रेन चालवली, एकतीस वर्षं. छताखाली रुळांवर चालणारी क्रेन, वर पत्र्याची केबिन, केबिनमध्ये मी. खाली साखळीला वितळलेल्या लोखंडाची मोठी बादली. ती इकडची तिकडे न्यायची आणि साच्यापाशी सावकाश उतरवायची. एवढंच काम. एवढ्या कामात दोन माणसं भाजून मेलेली मी पाहिली, पण माझ्या पाळीत एकही नाही. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. पुढे जे लिहायचंय त्यासाठी लिहितोय.

एका रविवारी मी त्याला विचारलंच. "हे काय भरतोस एवढं?"

"अण्णा, सॉफ्टवेअर कुठल्या पद्धतीने बनवायचं ते ठरवायचंय."

"बनवायला बसायचं आणि बनवायचं. त्याला तक्ता कशाला लागतो?"

"तुम्ही साच्यात लोखंड ओतायच्या आधी साचा बघत नव्हता?"

"मी ओतायचो. साचा बघायचं काम दुसऱ्याचं."

"मग मी तो दुसरा," तो म्हणाला.

उत्तर बरं होतं. म्हणून मी खुर्ची ओढून बसलो.

त्याची कंपनी पुण्याची. इथल्या एका कारखान्याचं काम तिने घेतलेलं. कारखाना वृद्धाश्रमांसाठी आंघोळीची खुर्ची बनवतो. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवायचं, पट्टा बांधायचा, बटण दाबलं की खुर्ची उचलून त्याला गरम पाण्याच्या टबात उतरवते. इथले लोक आंघोळीवाचून राहत नाहीत, शंभरीतसुद्धा. खुर्चीचं लोखंड जपानी, तिच्या आतलं डोकं पुण्याहून. मुलगा त्या डोक्याचा मुकादम.

त्याने मला ओळी दाखवल्या. खुर्ची थांबवणं, ही पहिली ओळ. म्हाताऱ्याने किंवा नर्सने लाल बटण दाबलं, किंवा पाय कुठे अडकला, तर ठरलेल्या वेळात खुर्ची थांबलीच पाहिजे. दुसरी ओळ, पाणी किती गरम आहे ते पडद्यावर दाखवणं. ते थोडं मागेपुढे झालं तर चालतं. तिसरी ओळ, कोणाची आंघोळ कधी झाली त्याची नोंद. ती संध्याकाळी झाली तरी कोणी मरत नाही. प्रत्येक ओळीपुढे रकाने होते: किती उशीर चालेल, उशीर झाला तर काय होईल, हे काम पुढे बदलत राहील का, आणि म्हणून ते कुठल्या पद्धतीने बनवावं.

"पद्धती किती?" मी विचारलं.

"पुष्कळ. पण मुख्य भांडण दोघींचं. एकीत आधी सगळं लिहून काढायचं, कुठल्या कामाला किती वेळ लागेल ते मोजायचं, मग बनवायचं, मग लिहिलेल्या प्रत्येक ओळीसमोर तपासायचं. दुसरीत दोन-दोन आठवड्यांचे फेरे. थोडं बनवा, दाखवा, लोक काय म्हणतात ऐका, बदला."

"चांगली कुठली?"

"तसं नसतं. कशासाठी, ते आधी बघायचं. पडद्यावरची अक्षरं किती मोठी हवीत ते नर्सना दाखवल्याशिवाय कळत नाही, तिथे फेरे चांगले. थांबवायचं काम दर दोन आठवड्यांनी बदलत नाही. ते एकदाच, नीट." मग तो म्हणाला, "अशा कामात एक नियम असतो अण्णा. बरोबर उत्तर उशिरा आलं, तर ते चूकच धरायचं."

"तिसऱ्या दिवशी आलेलं?"

सूनबाईने आमटीची वाटी खाली ठेवली. मुलाने लॅपटॉप मिटला. त्या दिवशी आम्ही तिघं जेवलो, पण कोणी कोणाला काही वाढा म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात खुर्चीची चाचणी होती. वेगवेगळ्या वजनाची म्हातारी माणसं हवी होती. मुलाने मला विचारलं, माझ्याकडे न बघता. मी नाही म्हणणार होतो. सूनबाई म्हणाली, "जा हो अण्णा. घरात बसून टीव्हीला शिव्या देता, तिकडे खुर्चीला द्या."

गेलो. शहराबाहेर मोठी शेड, आत फरशी इतकी स्वच्छ की चपला काढाव्याशा वाटल्या. काढायच्याच होत्या. कारखान्याचा तपासनीस माझ्याच वयाच्या आसपासचा, पांढरे केस, कंपनीचा निळा कोट. तो मला वाकून काहीतरी बोलला, मग माझ्या पायाशी गुडघे टेकून त्याने पट्टा बांधला. चार महिन्यांत मला हात लावून विचारपूस करणारा तो पहिला माणूस, आणि त्याचं एक अक्षर मला कळलं नाही.

टब कोरडा होता. खुर्ची उचलली गेली, मग खाली निघाली. मुलगा म्हणाला, "अण्णा, मनात येईल तेव्हा लाल बटण दाबा." मी दाबलं. खुर्ची थांबली. परत वर, परत खाली, परत दाबलं. थांबली. तिसऱ्या वेळी दाबलं आणि खुर्ची चालतच राहिली. चार बोटं. फार नाही, चारच बोटं खाली जाऊन थांबली. तपासनीसाने दातांतून हवा आत ओढली आणि पोलादी पट्टी घेऊन अंतर मोजलं. मुलगा म्हणाला, तो परत करा म्हणतोय. सहादा केलं. चारदा जागच्या जागी थांबली, दोनदा चार बोटं खाली.

मी क्रेनवाला आहे. ब्रेक रोज हातभर घसरतो ना, तो चालतो. हात त्याला शिकतो, तेवढं आधी दाबतो. पण कधी घसरतो आणि कधी घसरत नाही, तो ब्रेक माणूस मारतो. त्या पांढऱ्या केसांच्या माणसाने आकडा लिहिला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यालाही तेच ठाऊक होतं. मुलगा वाकून नमस्कार करत होता. माफी मागताना किती वाकायचं ते पोरगा बरोबर शिकलाय, हे माझ्या मनात आलं, आणि माझं डोकं तापलं.

परतताना सबवेत मी विचारलं, "का असं?"

"सगळ्या कामांची एकच रांग आहे," तो हळू म्हणाला. डब्यात सगळे गप्प होते. "मागच्या फेऱ्यात पडद्यावर नवीन सोय घातली. आंघोळ चालू असताना नातवंडांचे निरोप, फुलांची चित्रं. लोकांना फार आवडली. ती चित्रं यायला वेळ लागतो. नेमकं तेव्हा बटण दाबलं, तर थांबायचा हुकूम त्यांच्या मागे उभा राहतो."

"फुलांच्या मागे."

"हो."

"गरम पाण्यात जाणारा माणूस फुलांच्या मागे रांगेत."

"अण्णा, हळू."

"हळूच बोलतोय. तुला हे ठाऊक होतं?"

"म्हणून तर तक्ता करतोय. थांबायचा भाग रांगेतून बाहेर काढायचा. त्याचं डोकं वेगळं. ते कोणाच्या निरोपाची वाट बघत बसणार नाही, ठरलेल्या ठोक्याला स्वतः उठून बटण बघणार. आणि ते बनवायचं लिहून, मोजून, तपासून. मग त्याला सही-शिक्क्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. बाकीचं चालू दे फेऱ्यांनी."

मी त्याला फौंड्रीची रीत सांगितली. वर घ्या, खाली घ्या, डावीकडे न्या, या खुणा फक्त एका माणसाच्या ऐकायच्या. ठरलेल्या, शिट्टीवाल्या माणसाच्या. मॅनेजरने हात केला तरी ऐकायचं नाही. पण 'थांब' ही खूण कोणाचीही ऐकायची. झाडूवाल्याची, चहावाल्याची, चुकून आत आलेल्या पाहुण्याची. आधी थांबायचं, मग विचारायचं का. "हे आम्हाला कोणी तक्त्यात लिहून दिलं नव्हतं," मी म्हणालो. "एक माणूस मेल्यावर ठरलं."

तो म्हणाला, "हेच लिहितोय मी, अण्णा. माणूस मरायच्या आधी." आणि खिडकीबाहेरच्या काळोखात बघत बसला.

शनिवारी सकाळी त्याच्या साहेबाचा पुण्याहून फोन आला. तिकडे साडेसात वाजले असतील, कप-बशी वाजत होती. मुलगा स्वयंपाकघरात उभा, फोन ओट्यावर, आवाज मोठा. मी भाजी निवडत होतो.

"अरे, तुझी शीट बघितली. तिकडे जाऊन तू पार जपानी झालास का? एका प्रोजेक्टात दोन पद्धती? एका घरात दोन चुली मांडणार?"

"सर, थांबायच्या भागाला ती पद्धत बसत नाही. चाचणीत दोनदा..."

"ते वाचलं मी. पुढच्या दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये थांबायचा मेसेज रांगेत पुढे घेऊ. झालं. त्यासाठी सहा महिने कागद रंगवायचे? आपण त्यांना काय सांगून काम घेतलंय? दोन आठवड्यांत बदल. आता तूच म्हणणार, नाही जमत?"

"सर, तसं नाही, पण..."

"चार बोटांचं काय घेऊन बसलास, चार बोटांत काय कोणी बुडतं? शुक्रवारपर्यंत मला शीटवर एकच पद्धत हवी, आणि खाली तुझं नाव. पुढच्या वर्षी तुला पुण्यात टीम द्यायची म्हणतोय मी. वरचे लोक हे सगळं बघतात."

"हो सर. बघतो."

फोन बंद झाला. मी विचारलं, "काय बघतोस?"

"अण्णा, तुम्ही यात पडू नका."

"खुर्चीत मला बसवलंस ना? मग मी यात आहे. नाव घालणार आहेस त्याच्याखाली?"

"इतकं सोपं नसतं ते."

"अवघड काय आहे? तुला ठाऊक आहे की चूक आहे. 'हो सर, बघतो.' असा कसा निपजलास तू? तुझी आई असती तर..."

त्याने नळ सुरू केला, बंद केला. मग माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही, आणि तेच मला लागलं. "अण्णा, तुम्ही मला फोन किती वाजता केलात?"

"कधी?"

"त्या दिवशी."

"संध्याकाळी. सहाला."

"आईला त्रास कधी सुरू झाला?"

"संध्याकाळीच."

"मी दुपारी फोन केला होता. साडेबाराला, तुमच्या. तेव्हा?"

"तेव्हा ती झोपली होती."

त्याने हात पुसले. मग आतल्या खोलीत गेला. मी भाजी निवडून संपवली. मेथीची पानं मुठीत चिरडली गेली होती.

आता खरं लिहितो. मुलाला मी खोटं सांगितलं होतं. ती साडेदहाला पोळ्या करत होती. लाटणं हातातून सुटून खाली पडलं. "अहो," ती म्हणाली, "डावा हात बधिर झालाय बघा." मी पेपर वाचत होतो. मी म्हणालो, "गॅस झाला असेल. पड जरा." ती पडली. अकराला म्हणाली, जीभ जड वाटते. मी तिला लिंबूपाणी दिलं. साडेबाराला मुलाचा फोन आला, रविवारी यायचा तसा. "आई कुठेय?" मी म्हणालो, "जरा पडलीय. बरी आहे. तुमचं काय?" ती पलंगावरून माझ्याकडे बघत होती. बोलता येत नव्हतं तिला तेव्हा. मी तिला हाताने खूण केली, राहू दे, उगाच त्याला काळजी.

आमच्या सोसायटीत ज्यांची ज्यांची पोरं बाहेर आहेत त्या सगळ्यांची हीच रीत. आजारपण कळवायचं नाही. तिकडे तो कामात, तिकडे रात्र झाली असेल, एवढ्या लांबून तो काय करणार. निकाल लागला की सांगायचं. एकाने तर स्वतःचं बायपास झाल्यावर मुलीला सांगितलं आणि आम्ही त्याचं कौतुक केलं, काय धीराचा माणूस. साडेबाराला मी 'हात बधिर, जीभ जड' एवढं बोललो असतो तर मुलाने मला फोनवरच शिव्या घालून रिक्षात बसवलं असतं. मी चारला तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, यांना सकाळीच आणायचं होतं. सहाला मी मुलाला फोन केला. रात्रीचं विमान निघून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

एकतीस वर्षं चहावाल्याने हात वर केला तरी थांबणारा मी. ती माझ्यासमोर हात धरून उभी होती आणि मी तिला 'संध्याकाळी बघू'च्या ओळीत टाकलं. आणि चार महिने पोरावर जळत होतो.

तो आठवडा घरात कोणी फारसं बोललं नाही. मुलगा तक्त्यावर काम करत होता, पण काय भरतोय ते मला दिसू देत नव्हता. गुरुवारी सूनबाईने मला हळूच सांगितलं, "अण्णा, काही विचारू नका त्याला. दोन रात्री झोपला नाहीये." मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं.

शुक्रवारी तो सात वाजता घरी आला. बूट काढले, नीट जोडून ठेवले, टेबलाशी बसला.

"दोन पद्धती लिहिल्या," तो म्हणाला. "थांबायची ओळ वेगळी काढली. खाली नाव घातलं आणि दोन्हीकडे पाठवलं, पुण्याला आणि कारखान्याला, एकदमच. आधी पुण्याला पाठवलं असतं तर ती पुढे गेलीच नसती."

"मग?"

"कारखान्याच्या तपासनीसाने तासाभरात कळवलं, ही ओळ अशीच राहणार असेल तरच पुढे जायचं. सोबत एकशे चौदा प्रश्न पाठवलेत. वर्षभर तेच लिहीत बसायचं आता."

"आणि साहेब?"

"सोमवारपासून मुकादम दुसरा. मी तपासणीच्या कामावर. पुण्याची टीम विसरा." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "म्हणाले, तुला चुलीच मांडायच्यात तर मांड बसून."

सूनबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. शाब्बास म्हणायला हवं होतं. ते माझ्या तोंडून निघेना, कारण त्याच्या आधी दुसरं अडकलं होतं.

"साडेदहा," मी म्हणालो.

"काय?"

"तुझ्या आईने मला सकाळी साडेदहाला सांगितलं. डावा हात बधिर झालाय म्हणून. तू साडेबाराला फोन केलास तेव्हा ती जागी होती. तिची वाचा गेली होती. मी तुला बरी आहे म्हणालो."

तो उठला. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. शेजारी आवाज जातो म्हणून त्या घरात आम्ही कपाटाचं दारसुद्धा हळू लावायचो. तो ओरडला. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. मला अरे-तुरे केलं. दोन तास होऊन गेले होते आणि तू फोनवर माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्यास, म्हणाला. विमान होतं, म्हणाला, आठ वाजताचं होतं, मी पकडलं असतं. मी तिसऱ्या दिवशी आलो म्हणून चार महिने तू मला टोचतोयस आणि तुला ठाऊक होतं. तुला सगळं ठाऊक होतं.

सूनबाई त्याला आवरायला पुढे झाली. मी तिला म्हणालो, "बोलू दे त्याला."

तो बोलत राहिला. त्यातलं बरंच मी इथे लिहीत नाही. सगळं खरं होतं. मी टेबलाची कड धरून बसलो आणि शेवटपर्यंत ऐकलं.